डांबराखाली

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि अंगणभर पिंजराचा वास होता. मी जीपखाली आडवा पडलो होतो. पाठीखाली रिकामं पोतं, दातांत धरलेली छोटी बॅटरी, हातात मोठा स्क्रू-ड्रायव्हर. पावसाळाभर साठलेला तांबडा चिखल स्प्रिंगच्या मागे, क्रॉस मेंबरच्या माथ्यावर, पेट्रोमॅक्सच्या काचेवर काजळी बसावी तसा थरावर थर बसलेला होता. तो उकरत उकरत मी डाव्या बाजूच्या चॅसीपर्यंत, गाडीचा भार घेणाऱ्या पोकळ लोखंडी सांगाड्यापर्यंत आलो. मागच्या स्प्रिंगच्या हँगरच्या जरा पुढे डांबराला एक फुगवटा आलेला दिसला. बोटानं दाबला तर तो मऊ लागला. लोखंडावरची जागा मऊ कशी लागेल, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं. जोर असा लावलाच नव्हता. तो मुठीपर्यंत आत गेला.

आवाज आला नाही, हे मला अजून आठवतं. लोखंड मोडताना काहीतरी वाजायला पाहिजे. हे सादळलेल्या पापडात बोट जावं तसं झालं. स्क्रू-ड्रायव्हर बाहेर ओढला आणि त्याच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते.

सोप्यातून अप्पांचा आवाज आला, "काय रे, काय मिळालं काय?"

"काय नाही अप्पा. चिखल काढायलोय."

त्यानंतर बराच वेळ मी खालीच पडून राहिलो. काढण्यासारखा चिखल उरला नव्हता.

ही जीप अप्पांनी १९९१ साली घेतली. एमएम ५४०, प्युजोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अलीकडे, आणि त्या काळी पावसाळ्याचे चार महिने आमच्या रस्त्याला रस्ता म्हणायचं धाडस कुणी करत नसे. ओढ्याला पाणी आलं की एसटी पलीकडेच थांबायची. बाळंतपणाला निघालेली बाई, साप चावलेला माणूस, खानापूरच्या बाजाराला निघालेली भाताची पोती, सगळं ह्याच जीपमधून ओढा पार झालं. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म दवाखान्याच्या दारात झाला. आई अजून सांगते, की अप्पांनी त्या रात्री ओढ्यात गाडी घालताना एकदाही मागं वळून बघितलं नाही. त्या पाण्यात जीपचं पोट किती वेळा भिजलं असेल, ह्याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवणार नव्हतं, आणि ठेवायचं कारणही नव्हतं.

पण नुसत्या पाण्यानं एवढं होत नाही. पाणी वाळतं. मिठाची गोष्ट वेगळी. मागच्या हौद्यातून आम्ही खत आणायचो. युरिया, पोटॅश, मिश्रखत. पोती उसवलेली असायची, दाणे हौद्याच्या सांध्यांतून खाली उतरायचे, आणि पावसाळी हवेत ते आपोआप पाझरायचे. पोटॅश म्हणजे शेवटी क्षारच. आणि मे महिन्यात एकदा-दोनदा अनमोड घाटानं गोव्याला जाऊन मासळी आणणं व्हायचं. परतताना बर्फ वितळून खाऱ्या पाण्याची धार खालच्या पत्र्यावरून चॅसीवर यायची. घरात त्या रात्री सुरमईचा वास आणि हसणं-खिदळणं. सकाळी अप्पा हौदा धुवायचे. हौद्याच्या खालचं कोण धुणार? पाण्यात क्षार मिसळला की लोखंडाचं गंजणं कितीतरी वेगानं होतं. अंगात मीठ मुरलेल्या त्या पत्र्यानं जांबोटीचा पाऊस काढला. बेळगावात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मलप्रभा नदी जिथं उगवते त्या कणकुंबीत त्याच्या तिप्पट तरी. आमचं गाव ह्या दोहोंच्या मधे. ह्याच जिल्ह्यात पूर्वेला अथणी, रामदुर्गाकडे शेतकरी पावसाची वाट बघत बसतो. तिकडच्या तीस वर्षांच्या जुन्या जीपखाली वाकून बघितलं तर धूळ झटकली की कारखान्याचा रंग दिसतो. पुढे उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिस्त्रींनी मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, "गाडी अथणीकडची की जांबोटीकडची?" उत्तर ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

अप्पांना हे काहीच कळत नव्हतं असं नाही. उलट त्यांच्याइतकी काळजी मी आजवर कुणाला घेताना बघितली नाही. दर मे महिन्यात, मिरग निघायच्या आधी, घरावरची कौलं उलटून-पालटून झाली, फुटकी बदलून झाली, जळण आत घेतलं, की जीपची पाळी यायची. तीन दगडांची चूल मांडून पत्र्याच्या डब्यात डांबर तापवायचं, त्यात थोडं डिझेल घालून पातळ करायचं, आणि कुंच्यानं गाडीच्या सगळ्या पोटाला फासायचं. घराच्या लाकडी खांबांच्या बुडांना वाळवी लागू नये म्हणून जे डांबर, तेच जीपला. मी डबा धरून बसायचो. त्या वासानं डोकं दुखायचं, तरी मला तो वास आवडायचा. शाळा सुरू व्हायच्या आधीचा तो वास होता. अप्पा पाठीवर झोपून सरकत सरकत जायचे, आणि त्यांच्या बनियनवर काळे ठिपके पडायचे ते कधीच निघायचे नाहीत. काम झालं की गाडीखालून बाहेर येऊन म्हणायचे, "आता येऊ दे किती यायचाय तो."

त्या फुगवट्यात स्क्रू-ड्रायव्हर घुसला तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो डांबराचा थर. दोन-तीन जागी करंगळीच्या जाडीएवढा. आतल्या बाजूनं गुळगुळीत, आणि त्याला चिकटलेले गंजाचे पापुद्रे, वहीच्या पानांसारखे एकावर एक. वर्षानुवर्षं ह्या थरानं बाहेरचं पाणी अडवलं. पण गारगोटी लागून त्याला जी एक केसासारखी चीर पडली असेल, तिथून आत गेलेलं पाणीही त्यानं अडवूनच ठेवलं. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून ते फुगतं, थराला आतून ढकलतं, चीर रुंद करतं, आणि आणखी पाणी येतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र काळंभोर, तुकतुकीत पोट दिसतं.

म्हणजे अप्पांच्या हातानंच हे झालं होतं. हे मी त्यांना कसं सांगणार होतो?

आमच्या सोयाबीनवर तांबेरा पडतो तेव्हा तो आधी खालच्या पानांवर, आणि तोही पानाच्या पाठीमागच्या बाजूला दिसतो. बांधावर उभं राहून शेत हिरवंगार दिसतं. अप्पा कधी बांधावरून शेत बघत नाहीत. आत शिरायचं, गुडघ्यावर बसायचं, बुडाजवळचं पान उलटं करून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला तांबूस पूड लागली की उठून सरळ फवारा काढायला जायचं. पिकाचा तांबेरा आणि लोखंडाचा गंज ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक बुरशी आहे आणि दुसरं रसायन. पण दोन्ही बोटाला सारखाच रंग लावतात, आणि दोन्ही खालून सुरू होतात. त्या आठवड्यात मला सारखं हेच सुचत राहिलं, की पान उलटून बघणाऱ्या माणसाला जीपचं पान उलटता आलं नाही, कारण ते त्यानं स्वतःच प्रेमानं चिकटवून टाकलं होतं.

आधी मी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी खालून एक नजर टाकली आणि म्हणाले, "ठिगळ मारून देतो की. दुपारपर्यंत होतंय." मोडक्या भागावर चौकोनी प्लेट ठेवायची, चारी कडांनी वेल्डिंग ओढायचं, वर परत काळा रंग. मी हो म्हणायच्या बेतात होतो. खरंच होतो. दुपारपर्यंत झालं असतं, अप्पांना काही कळलं नसतं, आणि माझा तो शब्दही, 'काय नाही', एका अर्थी खरा ठरला असता. गाडी तिथं सोडून मी रस्त्यापलीकडे चहाला गेलो. चहा पिता पिता मला ती प्लेट दिसायला लागली. तिच्या आत तोच ओला पापुद्रा. पुन्हा एक झाकण. पैसे देऊन चहा अर्धा टाकून मी परत गेलो आणि गाडी काढली.

उद्यमबागेतले मिस्त्री कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी जीप चार लोखंडी घोड्यांवर चढवली, जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ दिलं नाही, आणि एक लहान गोल तोंडाची हातोडी घेऊन पुढच्या बंपरपासून चॅसीवर टकटक करत मागे निघाले. वैद्यानं पोटावर बोट वाजवावं तसं. चांगल्या जागी ठण्ण असा आवाज यायचा आणि तो जरा रेंगाळायचा. मधेच एके ठिकाणी बद्द. तिथं खडूनं फुली. "तुक्कु हिडदैत्रि," ते स्वतःशीच म्हणाले. कन्नडात गंज धरतो, हात पकडल्यासारखा. आपण गंज चढला म्हणतो, खालून वर. दोन्ही शब्द त्या दिवशी मला बरोबर वाटले. शेवटी डाव्या बाजूला चार फुल्या झाल्या, उजव्या बाजूला एक.

उजव्या बाजूला एक जागा होती जिथे हातोडी घंटेसारखी वाजली. हाताच्या पंजाएवढी जागा. तिथं डांबर नव्हतंच. बॅटरी मारून बघितलं तर तिथं चॅसी नंबर कोरलेला. नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि दर वेळी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. म्हणून अप्पा ती जागा दर वेळी घासून स्वच्छ करायचे, पुसायचे, वर ग्रीसचं बोट फिरवायचे. बाकी सगळ्या अंगाला झाकण, आणि ह्या पंजाएवढ्या जागेला उघडून बघणं. ३० वर्षांनंतरही तिथला आकडा कालच ठोकल्यासारखा होता.

कापल्याशिवाय कळत नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं. गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली, आणि ग्राइंडरनं डांबर, मग गंज, मग पत्रा. आवाज आणि ठिणग्यांची पिचकारी. दोन बोटं कापायची म्हणून सुरू झालेलं काम वीतभर गेलं, कारण स्वच्छ, रुपेरी कड लागेपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं. पोकळीच्या आत काय काय निघालं! तांबडी माती, भाताची टरफलं, खताचा दगडासारखा झालेला गोळा, एक बेळगावी कुंदा बांधलेला असतो तसल्या दोऱ्याचा तुकडा. आणि चॅसीच्या तळाला पाणी जाण्यासाठी कारखान्यानंच ठेवलेली जी भोकं असतात, ती सगळी बुजवलेली. मिस्त्रींनी पकडीनं एका भोकातलं बूच ओढून काढलं. डांबरात भिजवून कोंबलेली चिंधी होती. ती त्यांनी डिझेलमध्ये खंगाळून माझ्या हातात दिली. निळ्या चौकड्यांची.

ती लुंगी मला आठवत होती.

त्याच वेळी ब्रेकचा पाइपही बघितला. चॅसीला ज्या क्लिपनं तो धरलेला असतो तिथं, क्लिपच्या आत, त्याला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. ह्याच पाइपच्या जोरावर गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे, आई-अप्पा, बायको, दोन मुलं, अनमोड उतरलो होतो. मी तो पाइप हातात घेऊन नुसता वाकवला. तो मोडला. गाडीच्या पोटाच्या गंजाचा विषय निघाला की लोक चॅसीबद्दल बोलतात, मला मात्र आधी त्या पाइपबद्दल सांगावंसं वाटतं. चॅसी हळूहळू जाते, कुरकुरते, दार नीट बसत नाही, कळायला वेळ देते. ब्रेकचा पाइप एकदाच सांगतो.

वेल्डिंग झाल्यावर गाडी गावी आणली आणि पुढचं काम मी स्वतः केलं. डिसेंबर ते मार्च, शनिवार-रविवार. आधी साध्या नळाच्या पाण्यानं धुणं. जोराच्या फवाऱ्यानं चिखल पटकन जातो, पण तेच पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि सांध्यांत घुसतं. मग आठ दिवस उन्हात नुसती उभी. लोखंड वाळवायला घाई केली की पुढचं सगळं फुकट, हे मी आता कुणालाही सांगेन. मग वायर ब्रश. नाकाला फडकं, डोळ्यांना चष्मा. सैल पापुद्रा एकही ठेवायचा नाही. स्प्रिंगच्या शॅकल प्लेटी, बंपरचे ब्रॅकेट, पायरी, असे सुटे तुकडे मी मळीत बुडवले. साखर कारखान्यातून निघणारी, काकवीसारखी दाट, जनावरांच्या खुराकात घालतात ती मळी, एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, पिंप भरून गोठ्याच्या मागे. पंधरा दिवस. वास असा, की आईनं पिंप दोनदा लांब हलवायला लावलं. पण तुकडे बाहेर काढले तेव्हा गंज पार निघून करड्या रंगाचं निखळ लोखंड हातात आलं. मळीतली द्रव्यं गंजाला धरून पाण्यात ओढून घेतात आणि लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. ॲल्युमिनियमचा तुकडा मात्र त्यात चुकूनही टाकू नये, ते खाल्लं जातं. आणि बाहेर काढल्याबरोबर धुऊन, पुसून, उन्हात तापवून रंगाचा पहिला हात द्यावा लागतो. जेवून आल्यावर करू म्हटलं तर ताट धुईपर्यंत त्यावर पिवळसर झाक आलेली असते.

जिथे ब्रश पोचत नाही, खड्ड्यांत बसलेला घट्ट गंज उरतोच, तिथं टॅनिनचं द्रावण लावलं. लावल्यावर तांबडी जागा बघता बघता निळसर काळी होते. आईनं बघितलं आणि म्हणाली, "केळफूल चिरल्यावर विळी होती तशी झाली की." अगदी तेच. केळफुलातल्या, हिरड्यातल्या तुरट रसाची लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. आमच्या रानात हिरडे गोळा करणाऱ्यांचे कोयते असेच काळे असतात. ती काळी झालेली जागा मग स्वस्थ बसते. त्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पातळ रंग, डांबर नाही. रंग मुद्दाम करडा निवडला. काळ्यावर गंज लपतो, करड्यावर तांबडा ठिपका लांबून दिसतो. आणि पोकळीच्या आत, त्या मोकळ्या केलेल्या भोकांतून लांब नळी घालून मेणाचा फवारा. हे मेण वाळून कडक होत नाही, ओशट राहतं, चीर पडली तर सरकून भरून काढतं. वर्षा-दोन वर्षांनी परत मारावं लागतं. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, प्रॉपेलर शाफ्टचे सांधे, ग्रीसची निप्पलं, ह्यांना हात लावला नाही. अप्पांच्या डांबरानं दोन निप्पलं बुजलेली होती, ती सुईनं मोकळी केली.

गावातल्या दोघा-तिघांनी सांगितलं, एवढं कशाला, जळकं ऑइल मार. मारतात पुष्कळजण, फुकट मिळतं. पण ते पहिल्या पावसात धुपून अंगणात उतरतं, रबराची बुशं फुगवतं, आणि आमच्या अंगणाचा उतार विहिरीकडे आहे. ह्यावर मी वाद घातला नाही, विहीर दाखवली.

हे सगळं चालू असताना अप्पा सोप्यातून बघत होते. ७९ वर्षांचं वय, गुडघे गेलेले, खाली वाकता येत नाही. महिनाभर त्यांनी काही विचारलं नाही. एका रविवारी काठी टेकत अंगणात आले, खुर्ची मागवली, आणि म्हणाले, "मोबाइलवर फोटो काढून दाव. खालचं सगळं." मी काढले. त्यांनी एकेक फोटो चष्मा वर-खाली करत बघितला. नवी प्लेट, वेल्डिंगची ओळ, करडा रंग. मग एक मोकळं भोक दिसलं तिथं अंगठा थांबला.

"हे बुजवलेलं होतं न्हवं?"

"होय अप्पा."

"मीच बुजवलेलं. पाणी आत जाऊने म्हणून."

मी टूलबॉक्समधून ती चिंधी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. का ठेवली, मला सांगता येणार नाही. महिनाभर ती मी टाकूही शकलो नव्हतो. अप्पांनी ती दोन बोटांत धरून उलगडली. डिझेलनं चौकड्या पुन्हा निळ्या झाल्या होत्या. अंगणात कोंबडी पिंजरात उकरत होती तेवढाच आवाज.

"भाताच्या वाफ्याला सुद्धा मी बांधाला तोंड ठेवतो," ते म्हणाले. "आणि हितं डोक्यात आलं नाही बघ." मग जरा वेळानं, "त्या दिवशी हेच मिळालं होतं काय तुला?"

"होय."

त्यांनी मान हलवली. चिंधीची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यांनी मला दोष दिला नाही आणि स्वतःलाही फार दिला नाही. पण त्या दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, की माझ्या बहिणीच्या जन्माच्या रात्री ओढ्यातून जाताना खालून पाणी पायाला लागत होतं, आणि त्यानंतरच्याच उन्हाळ्यात त्यांनी पहिल्यांदा भोकं बुजवली. चॅसीची आणि हौद्याची भोकं वेगळी असतात हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आई ताटात भात वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं.

यंदा मिरगाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला. मी बेळगावहून जांबोटी रस्त्यानं जीप घेऊनच गेलो, ओढ्यावर आता पूल आहे तरी मुद्दाम कडेच्या पाण्यातून घातली. घरी पोचल्यावर अंगणात उभी केली आणि छत्री धरून खाली वाकलो. चॅसीच्या तळाच्या भोकांतून पाणी ठिबकत होतं, आधी गढूळ, मग स्वच्छ. सोप्यातल्या खुर्चीवरून अप्पाही तिकडेच बघत होते. तिथून त्यांना ठिबकणारं पाणी दिसलं असेल की नाही, मला माहीत नाही.

सकाळी निघताना ड्रायव्हरच्या सीटवर खराट्याच्या दोन काड्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या होत्या. हातभर लांब, नीट तासलेल्या. एकीचं टोक चाकूनं चपटं केलेलं होतं.